जबड्याची मोजणी

भिवंडीत धामणकर नाक्यावरून पद्मानगराकडे किंवा कामतघराकडे जाऊ लागले म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा मराठी, उर्दू, हिंदी आणि, तेलंगणातून येऊन येथे मागावर स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांमुळे, तेलुगू अशा अनेक भाषांतील पाट्या दृष्टीस पडतात. त्यांत दंतवैद्यांच्या पाट्याही असतात, आणि त्यांवर रूट कॅनाल, कॅप, कवळी या जुन्या परिचयाच्या बाबींच्या जोडीला ‘इम्प्लांट’ हा शब्दही आता आढळतो. ज्या शहरातील फार मोठा वर्ग यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो, ज्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते आणि ज्याच्या घरी एका दिवसाचा खाडाही महिनाअखेरच्या हिशेबात स्पष्ट दिसतो, त्या शहरात दातांच्या डॉक्टरकडे किती खेपा घालाव्या लागतील हा प्रश्न, बसविलेला दात किती वर्षे टिकेल या प्रश्नाइतकाच गंभीर आहे. आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शस्त्रक्रियेवर जितकी अवलंबून असतात तितकीच ती मोजणीवरही अवलंबून असतात. हाडात बसविलेल्या स्क्रूवर, म्हणजेच इम्प्लांटवर, जो दात, अथवा दातांची जी संपूर्ण पंक्ती, चढवावयाची, तिच्यासाठी तोंडाचे माप प्रकाशाच्या साहाय्याने कसे घेतात, आणि त्या मापावर कोठवर भरवसा ठेवावा, एवढाच प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

नैसर्गिक दात हाडात घट्ट रुतलेला दिसतो, परंतु तो हाडाला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे अत्यंत पातळ आवरण असून चावताना ते दबते, आणि त्याच्या योगे दात आपल्या खोबणीत साधारणतः २५ ते १०० मायक्रॉन खाली जाऊ शकतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भिवंडीच्या वाचकाला परिचित परिमाण सांगावयाचे तर कापसाचा एक तंतू सुमारे १२ ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. ही हालचाल आपल्याला जाणवत नाही, पण तिच्यामुळेच दोन दातांच्या आधाराने बसविलेला ब्रिज यत्किंचित चुकला असला तरी आधाराचे दात किंचित सरकतात आणि ती चूक पोटात घालतात.

इम्प्लांटच्या ठायी ही क्षमावृत्ती नाही. १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी टायटॅनियम धातूची एक लहानशी दर्शिका हाडात बसवीत असत. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले असता ती निघेना, कारण हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. या निरीक्षणाचा अर्थ ओळखून, पुढे अनेक वर्षे प्रयोग करून, त्यांनी १९६५ साली योस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसविले, आणि २००६ साली लार्सन यांचा मृत्यू झाला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते कामास आले. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर दंतवैद्यकाने या पद्धतीचा सर्वत्र स्वीकार केला. परंतु ज्या एकजीवपणामुळे इम्प्लांट इतका टिकाऊ होतो, त्याच एकजीवपणामुळे तो कोणाचीही चूक सांभाळून घेत नाही: दाबाखाली तो हलतो तो अवघा ३ ते ५ मायक्रॉन. अशा चार-सहा इम्प्लांटांवर एकच चौकट बसवावयाची आणि तिचे एखादे भोक नेमक्या जागेपासून थोडे ढळलेले असेल, तर स्क्रू आवळल्यावर ती वरकरणी बसल्यासारखी दिसते खरी. पण आवळण्यातून उत्पन्न झालेला ताण कोठेही जात नाही, तो स्क्रूमध्ये, चौकटीमध्ये आणि वरच्या दंतवर्णी आवरणामध्ये साचून राहतो, आणि कालांतराने स्क्रू सैल होऊन, मोडून, किंवा आवरणाचा टवका उडून आपले अस्तित्व प्रकट करतो. ब्रोनेमार्क यांनी या कामी १० मायक्रॉन इतकी कडक मर्यादा सुचविली होती. त्यांचेच देशबांधव टॉर्स्टन येम्ट यांनी पुढे १५० मायक्रॉनपर्यंतची तफावत चालण्यासारखी मानली. दोन अधिकारी पुरुषांच्या मतांत पंधरापटीचे अंतर असावे, यावरून हा मामला अद्याप अंतिम निवाड्यास आलेला नाही हे उघड आहे. पण शिथिल मर्यादा मान्य केली तरी सबंध जबडाभर ती पाळणे हे काम सामान्य नव्हे.

प्रकाशाची पद्धती येण्यापूर्वी, आणि बहुसंख्य ठिकाणी आजही, हे माप ठशाने घेतात. इम्प्लांटवर धातूच्या छोट्या टोप्या स्क्रूने बसवावयाच्या, अनेक इम्प्लांट असतील तर त्या टोप्या जलद गोठणाऱ्या रेझिनने परस्परांस जोडावयाच्या, ट्रेमध्ये पॉलिईथर किंवा सिलिकोन भरून तो तोंडात धरावयाचा, काही मिनिटे रुग्णाने ओकारी आवरून बसावयाचे, ट्रेच्या छिद्रांतून बाहेर आलेले स्क्रू सोडवून ठसा काढावयाचा, त्यात इम्प्लांटच्या प्रतिकृती बसवून कठीण प्लास्टर ओतावयाचे, आणि तो नमुना लॅबकडे रवाना करावयाचा, असा हा शिरस्ता आहे. या मालिकेतील प्रत्येक जिन्नस आपापल्या स्वभावानुसार वागतो: रेझिन गोठताना आकसते, म्हणून जोड कापून पुन्हा जोडावा लागतो, प्लास्टर घट्ट होताना अल्पसे फुगते, मेण उष्णतेने वाकते, ओतलेला धातू निवताना आकुंचन पावतो. १९०७ साली अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यातून दंतकामाचे ओतीव काम करण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून दंततंत्रज्ञांच्या कित्येक पिढ्यांची बुद्धी एका जिनसाचे प्रसरण दुसऱ्याच्या आकुंचनाने फेडून घेण्यात खर्ची पडली आहे. लॅबच्या मागच्या खोलीत बसून, रुग्णाचा चेहराही न पाहता, ज्यांनी हा हिशेब हातांनी सांभाळला त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, आणि दंतवैद्यकाच्या इतिहासात त्यांच्यावर अन्याय झाला आहे असे आम्हांस वाटते.

तोंडाचे माप प्रकाशाने घेता येईल, ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा द्युरे यांनी १९७३ साली लियों येथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधात मांडली. त्या काळचे संगणक पाहता ती फार पुढची गोष्ट होती. ती प्रत्यक्ष रुग्णसेवेत आणण्याचे श्रेय झुरिक येथील दंतवैद्य व्हेर्नर मोरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी या जोडीकडे जाते. १९८५ साली त्यांनी प्रकाशाने माप घेऊन, तेथल्या तेथे यंत्राने चिनी मातीचा तुकडा कोरून, तो एकाच बैठकीत रुग्णाच्या दाढेत बसविला. त्यांच्या यंत्राचे तत्त्व त्रिकोणमितीचे होते: एका जागेवरून दातावर प्रकाशाच्या रेषा टाकावयाच्या, दुसऱ्या जागेवरून त्या पाहावयाच्या, आणि उंचसखल पृष्ठामुळे रेषा किती वाकल्या त्यावरून प्रत्येक बिंदूची खोली काढावयाची. दात चकचकीत आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे प्रकाश त्यात शिरून भरकटतो, म्हणून आरंभी दातांवर टायटॅनियम डायॉक्साइडची पांढरी पूड उडवावी लागे. पुढे इस्रायल, डेन्मार्क आदी देशांत जे स्कॅनर तयार झाले त्यांतील कित्येकांनी मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ साली सूक्ष्मदर्शकासाठी योजलेल्या तत्त्वाचा आश्रय केला. भिंगाचे केंद्र मागेपुढे करीत राहिले असता ज्या क्षणी पृष्ठावरील एखादा बिंदू स्वच्छ उमटतो, त्या क्षणीचे केंद्राचे अंतर हेच त्या बिंदूचे अंतर होय. पुडीची गरज यामुळे संपली.

इम्प्लांट हिरडीखाली दडलेला असल्यामुळे त्याचे तोंड स्कॅनरला नीट दिसू शकत नाही. म्हणून त्यावर एक छोटा, काटेकोर घडविलेला स्तंभ स्क्रूने बसवितात. दंतवैद्य त्याला स्कॅन बॉडी म्हणतात. तो बहुधा एका कणखर प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा असतो, आणि त्याच्या एका अंगाला सपाट बाजू ठेवलेली असते, जेणेकरून इम्प्लांट स्वतःभोवती कोणत्या कोनात वळलेला आहे हेही कळावे. स्तंभाचा नेमका आकार संगणकाच्या संग्रहात आधीच असतो. स्कॅनरने पाहिलेले त्याचे अर्धेमुर्धे चित्र त्या आदर्श आकाराशी जुळवून, खाली दडलेला इम्प्लांट किती खोल, किती तिरका आणि कोणत्या दिशेला आहे हे गणिताने ठरविले जाते. इम्प्लांट कोणीही पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो त्यावर उभारलेला झेंडा. म्हणूनच स्तंभ एका बाजूने किंचित उचललेला राहिला, किंवा त्याच्या बुडाशी हिरडीची कड अडकली, तर पुढचे सारे गणित निर्दोष असूनही उत्तर चुकते, आणि हे टाळण्यासाठी स्कॅनपूर्वी एक छोटा एक्स-रे काढून स्तंभ पूर्ण बसल्याची खात्री करणाऱ्या डॉक्टरला रुग्णाने संशयाने न पाहता विश्वासाने पाहावे.

या पद्धतीतील खरी अडचण यापुढे आहे, आणि ती समजण्यासाठी वाचकाने आमच्याबरोबर क्षणभर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास यावे. २० जानेवारी १८२३ रोजी तेथे विल्यम लॅम्टन यांचा मृत्यू झाला. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक मूळ रेषा अत्यंत दक्षतेने मोजून, तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिंदुस्थान देश दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजीत येण्याचा जो प्रचंड उद्योग त्यांनी आरंभिला, तो मध्येच टाकून त्यांना जावे लागले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो पुढे नेला. या मोजणीतील प्रत्येक त्रिकोण आधीच्या त्रिकोणाच्या बाजूवर उभा असतो, अर्थात आधीच्या त्रिकोणातील चूकही तो वारसाहक्काने घेतो. शंभराव्या त्रिकोणापर्यंत या बारीक चुकांची केवढी बेरीज होईल हे कोणी सांगावे? यावर उपाय म्हणून बीदर, सिरोंज अशा ठिकाणी नव्याने रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजून त्रिकोणांनी काढलेल्या लांबीशी तिची रुजुवात घेण्याची तजवीज होती. तोंडातील स्कॅनरचे काम याच जातीचे आहे. त्याच्या टोकाला एका वेळी एक-दोन दातांएवढाच टापू दिसतो. अशी शेकडो चित्रे घेऊन, प्रत्येक नवे चित्र आधीच्या चित्राशी त्यांच्या सामाईक भागावरून जुळवीत, तो एका बाजूच्या अक्कलदाढेपासून दुसऱ्या बाजूच्या अक्कलदाढेपर्यंत जातो. एक दात किंवा शेजारचे दोन-तीन दात यांपुरते हे काम ठशाच्या तोडीचे होते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. सबंध जबड्याच्या बाबतीत मात्र जुळणीतील चुका साठत जातात, आणि त्यातही सर्व दात गेलेल्या जबड्यात अडचण दुणावते, कारण तेथे दातांचे उंचवटे नसतात. ओली, गुळगुळीत, गालाच्या ओढीने हलणारी हिरडी तेवढी असते, आणि तिच्या एका तुकड्याचे चित्र दुसऱ्या तुकड्यासारखेच दिसते. माळरानावर खूण नसेल तर मोजणीदाराने साखळी कशावरून लावावी?

या अडचणीवर दंतवैद्यांनी काही उपाय योजले आहेत. स्तंभांच्या मध्ये ठळक आकाराचे तुकडे बसवून हिरडीच्या सपाट प्रदेशात कृत्रिम खुणा निर्माण करणे हा एक. पण मुळावरच घाव घालणारा उपाय निराळाच आहे, आणि त्याचे मूळ एका जर्मन वास्तुकाराच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगात आहे. आल्ब्रेख्त मायडेनबावर हे १८५८ साली वेट्झलारच्या कॅथेड्रलची हातांनी मोजणी करीत असता उंचावरून पडता पडता वाचले, आणि इमारतीवर न चढता तिच्या छायाचित्रांवरून मापे काढता येतील काय या विचाराने त्यांना घेरले. १८६७ साली या विद्येला फोटोग्रामेट्री हे नाव मिळाले. दंतरोपणात तिचा वापर करून पाहणाऱ्यांत उपरोक्त येम्ट हे एक होत. आजच्या यंत्रांत इम्प्लांटवर ठिपके छापलेले लहान ध्वज बसवितात, तोंडाबाहेर धरलेला कॅमेरा एकाच दृष्टिक्षेपात अनेक ध्वज पाहतो, आणि निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून त्यांची परस्परांपासूनची अंतरे व कोन एकदम ठरतात. तुकड्याला तुकडा जोडण्याचा प्रसंगच येत नाही, म्हणून चुकीची बेरीजही होत नाही. मात्र हे यंत्र इम्प्लांटांच्या जागा तेवढ्या सांगते. हिरडीचा उठाव, समोरच्या जबड्याचे दात, मिटलेल्या तोंडातील परस्परसंबंध यांसाठी नेहमीचा स्कॅनर वा ठसा लागतोच, आणि दोन्ही मोजण्या मग संगणकावर एकत्र कराव्या लागतात. हे महागडे यंत्र प्रत्येक नाक्यावरच्या दवाखान्यात असणे शक्य नाही, असावयाचे कारणही नाही. एक-दोन दातांसाठी तोंडातला स्कॅनर, आणि पूर्ण जबड्यासाठी एकतर फोटोग्रामेट्री किंवा रेझिनने जोडलेल्या टोप्यांचा जुना ठसा, अशी निवड करणारा डॉक्टर आमच्या मते अधिक विचारी होय; ‘आमच्याकडे सर्व कामे स्कॅनवरच’ असे सरसकट सांगितले जाते तेव्हा रुग्णाने ‘माझे किती इम्प्लांट, आणि किती अंतरावर?’ असे विचारावे.

धामणकर नाक्याच्या परिसरात या विषयाला एक असे अंग आहे की ज्याचा विचार झुरिकमध्ये वा स्वीडनमध्ये फारसा करावा लागला नसेल. सुपारी आणि गुटखा यांच्या दीर्घ सेवनाने गालाच्या आतील मऊ अस्तराखाली कठीण तंतू माजतात, गाल लाकडासारखे ताठ होतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन ज्या ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाने केले ते आज जगभर रूढ आहे, आणि एका भारतीय वैद्याने केलेले हे निरीक्षण महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असावयास हवे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या पथकाने महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेली पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तोंडाच्या आतल्या मुलखाची एवढी विस्तृत मोजणी त्या काळी क्वचितच झाली असेल. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली, परंतु ज्यांचे तोंड तत्पूर्वीच आखडले, आणि जे बंदीनंतरही रात्रपाळीत जागे राहण्यासाठी काही ना काही गालात धरतातच, त्यांचा प्रश्न शिल्लक राहिला. निरोगी माणसाचे तोंड साधारण तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. ज्याच्या तोंडात जेमतेम दीड-दोन बोटे मावतात त्याच्या बाबतीत भरलेला ट्रे, त्यातून वर आलेले लांब स्क्रू आणि ते सोडविण्याचा पेचकस एवढा सरंजाम आत नेणेच दुरापास्त. उलट स्कॅनरचे टोक साधारणतः १५ ते २० मिलिमीटर उंचीचे असून ते गालाकडून आडवे सरकवून, मध्ये थांबून, रुग्णाला विसावा देऊन, तुटक तुटक काम करता येते. ठसा अर्ध्यावर थांबविता येत नाही, स्कॅन येतो. या एका गुणासाठी ही पद्धती भिवंडीसारख्या शहरात मोलाची ठरावी. तथापि मागच्या दाढांवरील स्तंभ आणि त्यावर स्कॅनरचे टोक या दोहोंना मिळून जागा लागतेच. तोंड एका बोटाएवढेच उघडत असेल तर प्रकाशही आत शिरू शकत नाही, आणि अशा रुग्णाला इम्प्लांटपेक्षा त्या विकाराच्या उपचाराची आणि कर्करोगाच्या तपासणीची निकड अधिक असते. ती तपासणी आधी न करता दाताची मापे घेऊ लागणे हा आमच्या दृष्टीने कर्तव्यलोप होय.

मोजणी झाली की पुढचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. संगणकावर दाताचा आकार रचतात आणि टायटॅनियमच्या अगर झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून यंत्र तो कोरून काढते; ओतकामातील आकुंचनाचा जुना प्रश्न यामुळे बहुतांशी मिटला आहे. झिर्कोनिया मात्र भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला भाजताना प्रत्येक दिशेने जवळजवळ एक-पंचमांशाने आकसते, म्हणून ते आरंभीच त्या हिशेबाने मोठे कोरावे लागते. स्कॅनची फाइल क्षणात ठाण्याच्या, मुंबईच्या किंवा केरळातील लॅबला पोहोचते, माप बिघडले तर रुग्ण खुर्चीवर असतानाच लक्षात येते, आणि एखाद-दुसरी खेप वाचते. मागावरच्या कामगाराला तेवढा एक खाडा कमी पडतो.

तरीही पूर्ण जबड्याच्या कामात अंतिम चौकट तयार होण्यापूर्वी एक रुजुवात टाळू नये. लॅबने मापावरून बनविलेला एक स्वस्त, कडक आराखडा आधी तोंडात बसवून पाहतात. त्याच्या एका टोकाचा एकच स्क्रू आवळावयाचा आणि दुसऱ्या टोकाला तो इम्प्लांटपासून उचलला जातो काय हे डोळ्यांनी आणि एक्स-रेने पाहावयाचे. उचलला गेला तर मोजणी चुकली. मग आराखडा कापून, तोंडातच पुन्हा जोडून, माप दुरुस्त करून घ्यावयाचे. हा जादा फेरा त्रासाचा वाटला तरी सोसावा, कारण येथे वाचविलेली एक खेप पुढे मोडलेल्या स्क्रूच्या रूपाने अनेक खेपांना कारण होते.

भिवंडीतील कामगारांपैकी अनेकांचे घर उत्तर प्रदेशात, बिहारात किंवा तेलंगणात आहे, आणि कित्येक जण उतारवयात तिकडे परततात. दहा वर्षांनी तेथे एखादा स्क्रू मोडला तर समोरच्या अनोळखी डॉक्टरला सर्वप्रथम कळावयास हवे ते हे की हाडात नेमका कोणत्या बनावटीचा इम्प्लांट आहे. कारण निरनिराळ्या बनावटींचे पेच बहुधा निराळे असतात आणि एकाचा स्क्रू दुसऱ्यात सहसा बसत नाही. पूर्वी प्लास्टरचा नमुना डॉक्टरच्या कपाटात पडून राही, फुटे, किंवा जागेअभावी फेकून दिला जाई. स्कॅनच्या फाइलला जागा लागत नाही आणि तिची नक्कलही मूळ प्रतीइतकीच अचूक असते, परंतु ती बहुधा दवाखान्याच्या किंवा लॅबच्या संगणकातच राहते आणि रुग्णाच्या हाती काहीच येत नाही. इम्प्लांटच्या वेष्टनावर त्याची बनावट, व्यास, लांबी आणि उत्पादनाचा तुकडी-क्रमांक लिहिलेली एक चिकटपट्टी असते. ती पट्टी लावलेला कागद, काम पूर्ण झाल्यावरचा एक्स-रे आणि स्कॅनची फाइल एवढे दस्तऐवज पैसे चुकते करण्यापूर्वी मागून घ्यावेत, फाइल आपल्या आणि घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावी, आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत.